वादळानंतर घरावर आलेलं झाड: नागपुरात कोणाला बोलवावं, काम कसं करून घ्यावं

मे संपताना किंवा जूनच्या सुरुवातीला वादळी पाऊस येतो आणि गुलमोहर गच्चीवर आडवा होतो. अशा वेळी नागपुरातल्या घरमालकाला चार ठिकाणी फोन करता येतो: महावितरण, अग्निशमन दल, महापालिकेचा उद्यान विभाग आणि खासगी झाडतोडणीवाले. चौघांची कामं वेगळी आहेत. एकाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात टाकलं की अपघात होतात. या आढाव्यात चारही सेवांचं मूल्यमापन आहे. सर्वांत जास्त जागा खासगी सेवेला दिली आहे, कारण निवड करण्याची आणि फसण्याची संधी तिथेच असते.

आमचा निष्कर्ष आधीच सांगतो. पहिल्या रात्री फक्त धोका दूर करून घ्यावा, झाड काढण्याचं काम दिवसाउजेडी करावं. वारा थांबलेला नसताना, ओल्या फांद्यांवर टॉर्चच्या उजेडात माणूस चढवणारी सेवा कितीही तत्पर वाटली तरी ती वाईट सेवा आहे. गच्चीवर टेकलेलं झाड आणखी सरकत नसेल, घरातली माणसं त्या खोलीतून बाहेर आली असतील आणि वीज बंद असेल, तर सकाळपर्यंत थांबण्यात काहीच गैर नाही.

पहिला फोन विजेचा

झाडाला तार लागली असेल, किंवा लागली आहे की नाही हे दिसत नसेल, तर आधी १९१२. ही महावितरणची सेवा आहे आणि तिच्याकडून एकच गोष्ट हवी असते: लाइन प्रत्यक्ष बंद झाल्याची खात्री. गल्लीतले दिवे गेले म्हणजे लाइन बंद झाली असं नसतं. वादळानंतर एकेक फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज पुरवणारी मुख्य लाइन, पुन्हा सुरू केला जातो. तुमच्या भागाचा फीडर सुरू झाला की झाडाखाली दबलेली तार त्याच क्षणी जिवंत होते. म्हणून लाइनमन जागेवर हवा, डीपीवरून पुरवठा तोडलेला हवा आणि झाड मोकळं होईपर्यंत तो तुटलेलाच राहायला हवा. ‘शेजारच्यांनी फ्यूज काढला आहे’ एवढ्यावर मशीन सुरू करणारा ठेकेदार त्याच वेळी परत पाठवावा.

ओलं लाकूड विजेचं वाहक असतं, ओला दोर असतो आणि कम्पाउंडचं लोखंडी गेटही असतं. तुटलेली सर्व्हिस वायर गेटवर पडली असेल तर अख्खं गेट आणि त्याला जोडलेली तारेची जाळी धोक्याची. ११ केव्हीची तार जमिनीवर पडली असेल तर दहा मीटरच्या आत जाऊ नये. आधीच आत असाल तर लांब ढांगा न टाकता, पाय जमिनीला घासत, छोट्या पावलांनी मागे सरकावं, कारण दोन पावलांमधल्या अंतरावरही विजेचा दाब तयार होतो. घराचा मेन स्विच बंद करावा. जनरेटर किंवा घाईघाईने जोडलेला इन्व्हर्टर सुरू असेल तर तोही बंद करावा. जोडणी चुकीची असली तर त्याची वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतते.

अग्निशमन दल: १०१ किंवा ११२

कोणी अडकलं असेल, छत खचत असेल किंवा रस्ता बंद झाला असेल, तर हीच सेवा. त्यांच्याकडे प्रशिक्षित माणसं आणि यंत्रं असतात, आणि जीव वाचवण्याच्या कामात खासगी कोणीही त्यांच्या जवळपास येत नाही. फोनवर मोघम बोलू नये. पत्त्यासोबत जवळची खूण, आत माणूस आहे की नाही, तार तुटली आहे का, गल्लीत मोठी गाडी शिरते का, आणि खोडाचा घेर एका माणसाच्या मिठीत येतो की दोघांच्या, एवढं सांगितलं तर योग्य सामान घेऊन गाडी निघते.

अपेक्षा मात्र नीट ठेवाव्यात. जीव वाचवणं आणि रस्ता मोकळा करणं हे त्यांचं काम. त्याच रात्री शहरात इतर ठिकाणीही झाडं पडलेली असतात, त्यामुळे अडसर दूर करून, ओंडके बाजूला लोटून गाडी पुढच्या ठिकाणी जाणार. अंगणातला बुंधा, मुळांचा गड्डा आणि फाटा (बारीक फांद्या आणि पाला) उचलून नेणं ही त्यांच्याकडून करण्याची मागणी नव्हे.

उद्यान विभाग

महापालिकेचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. झाड रस्त्यावरचं असेल तर तक्रार आपल्या झोनमध्ये नोंदवावी आणि नोंद क्रमांक घ्यावा. झाड तुमच्या अंगणातलं असलं तरी या विभागाशी संबंध येतोच, कारण १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम खासगी जागेतल्या झाडांनाही लागू आहे. उभं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. ते कललेलं असो, पोकळ असो, शेजाऱ्याला नकोसं असो, अर्ज आणि पाहणी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं. धरमपेठ, सिव्हिल लाइन्स, रामदासपेठ अशा जुन्या वस्त्यांतल्या कडुनिंब-पिंपळांबाबत ही गोष्ट आधीच लक्षात ठेवावी.

वादळाने स्वतःहून पडलेल्या झाडाचा प्रश्न तुलनेने सोपा असतो, पण पुरावा ठेवावा. उपटलेली मुळं, तुटलेली जागा आणि करवत लागण्याआधीची चारही बाजूंची छायाचित्रं, तारीख-वेळेसह. विभागाला लेखी कळवावं. ‘मॅडम, पडलेल्याबरोबर शेजारचंही उतरवून टाकतो, कोण विचारतं’ असं म्हणणारा ठेकेदार तुम्हाला गुन्ह्यात ओढतो आहे.

या विभागाची सेवा वेगासाठी घेऊ नये, अधिकृत निर्णयासाठी घ्यावी. झाड खरंच धोकादायक आहे का, की एक डगाल (मोठी फांदी) काढून भागेल, हे ज्याला लाकूड विकायचं नाही अशा माणसाकडून ऐकायला मिळणं मोलाचं असतं.

खासगी सेवा: तीन प्रकार, तीन दर्जे

पहिला प्रकार म्हणजे ठिय्यावरून आणलेले मजूर. कुऱ्हाड, कोयता, बांबूची शिडी आणि सोल (जाड दोर). पडलेल्या फांद्यांचे तुकडे करणं, फाटा गोळा करणं, ट्रॉली भरणं या कामासाठी ही माणसं उत्तम असतात आणि मेहनतीची असतात. घरावर टेकलेल्या झाडावर त्यांना चढवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. पट्टा नाही, हेल्मेट नाही, विमा नाही. पडले तर कुटुंब उघड्यावर.

दुसरा प्रकार टालवाल्यांचा, म्हणजे लाकडाच्या वखारवाल्यांचा. ‘पैसे नको, लाकूड आमचं’ हा त्यांचा सौदा. मोकळ्या प्लॉटवर पडलेल्या जाड सुबाभळीसाठी किंवा निलगिरीसाठी हा सौदा ठीक आहे. घराला लागून असलेल्या झाडासाठी तो घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. याचं कारण त्यांच्या हिशेबात आहे. लांब, सलग ओंडक्याला लकडगंजच्या आरामशिनीवर भाव मिळतो. एक-एक फुटाच्या तुकड्यांना जळणाचाच दर. त्यामुळे ते खोड लांब ठेवून पाडायला बघतात, आणि घराजवळ सुरक्षित काम म्हणजे नेमकं तुकडे लहान ठेवणं. शिवाय बुंधा गेला की फाटा आणि खुंट तुमच्या अंगणात राहतात. झाड सागवानाचं असेल तर वाहतूक परवान्याशिवाय ते गाडीत चढू देऊ नये.

तिसरा प्रकार म्हणजे चेन सॉ, चढण्याचे पट्टे, दोर-पुली आणि गरजेला हायड्रा (चाकांवरची क्रेन) किंवा बूम लिफ्ट (माणसाला वर नेणारा यांत्रिक पाळणा) घेऊन येणारी टोळी. महाग असते, वादळानंतर लगेच मिळत नाही, पण घरावरच्या झाडासाठी हाच पर्याय योग्य. मात्र यंत्र आहे म्हणजे कसब आहे असं मानू नये. खालच्या गोष्टी बघितल्या की पंधरा मिनिटांत दर्जा कळतो.

चांगली टोळी आल्याआल्या मशीन सुरू करत नाही. मुख्य माणूस झाडाभोवती पूर्ण फेरी मारतो, वर बघतो, मुळांकडे बघतो, तारा मोजतो, आग्यामोहोळ आहे का ते पाहतो. मोहोळ असलेल्या झाडावर थेट चेन सॉ चालवणं म्हणजे अख्ख्या गल्लीवर माश्या सोडणं. मग तो अंगणात पाण्याची भूमिगत टाकी आणि सेप्टिक टँक कुठे आहे हे विचारतो. हा प्रश्न ज्याने विचारला त्याला अनुभव आहे असं समजावं. हायड्रा दहा टनांहून जड असते. पावसाने फुगलेल्या काळ्या मातीत तिचं चाक रुततं आणि टाकीच्या झाकणावर गेलं तर खाली जातं.

करवतीच्या भुशाकडे बघावं. धार असलेली साखळी जाडसर ढलप्या फेकते, बोथट साखळी पिठासारखा भुसा काढते. बोथट मशीनवर माणूस जोर लावतो, आणि पट्टीचं, म्हणजे साखळी जिच्यावर फिरते त्या पात्याचं, टोक लाकडाला लागलं की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं. साखळीचा ब्रेक चालतो का, हे सुरू करण्याआधी तपासलं जातं की नाही ते पाहावं. शिडीवर उभं राहून एका हाताने चेन सॉ चालवणारा माणूस दिसला की काम तिथेच थांबवावं. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांवर जाळी किंवा चष्मा, कानाला संरक्षण, पायात बूट, चढणाऱ्याला पट्टा आणि झाडाला दोन ठिकाणी बांधलेला दोर, इतकं किमान हवं.

वजनाचा अंदाज चुकतो तिथे भिंती पडतात

ओलं लाकूड घनमीटरला साधारण ८०० ते १,००० किलो भरतं. त्यावरून ६० सेंटीमीटर व्यासाच्या खोडाचा एक मीटरचा तुकडा काढला तर तो २२५ ते २८० किलोंचा होतो. दोन मजूर खांद्यावर घेऊ म्हणतात, तो हाच. तोच तुकडा ३० सेंटीमीटर लांब ठेवला तर ७० ते ८५ किलो, म्हणजे दोघांना लोटता येण्याजोगा. फांदी ३० सेंटीमीटर जाड आणि तीन मीटर लांब असेल तर तीही २०० किलोंच्या आसपास जाते. आणि हे स्थिर वजन झालं. दोराला बांधलेली फांदी मीटरभर खाली पडून अडकली, तर दोरावर त्याच्या कित्येक पट झटका येतो. गाठीने दोराची ताकद आधीच बरीच कमी केलेली असते. म्हणून चांगला कारागीर दोर खोडाला तीन-चार वेढे देऊन घर्षणावर भार हळूहळू सोडतो. हातात दोर गुंडाळून उभा राहणारा मजूर भारासोबत उचलला जातो किंवा बोटं गमावतो.

गच्चीचा कठडा साडेचार इंची विटेचा असतो, त्याला आडवा धक्का सोसत नाही. टीनाच्या शेडचा प्रश्नच नाही. म्हणून तुकडे खाली सोडायच्या जागी जुने टायर आणि वाळूची पोती अंथरलेली असावीत, आणि गच्चीवर लाकडाचा ढीग साचू देऊ नये. आधी पाल्याचा भार कमी करायचा, मग फांद्या टोकाकडून आत घ्यायच्या, शेवटी खोड. हा क्रम बदलला तर झाडाचा तोल फिरतो.

हायड्राबद्दल एक गैरसमज खर्चिक ठरतो. क्रेनवर लिहिलेली टनांची क्षमता बूम (क्रेनचा लांब हात) आखडलेला आणि भार जवळ असतानाची असते. बूम लांब काढून गच्चीपलीकडचं खोड उचलायला गेलं की ती क्षमता झपाट्याने घटते. हायड्रा भार सरळ वर उचलण्यासाठी आहे, झाड आडवं ओढण्यासाठी नाही. ओढायला लावली तर ती उलटते. जेसीबीच्या बकेटने झाड ढकलणं घराजवळ कधीच मान्य करू नये.

कोणतं झाड कसं पडलं, यावर पद्धत ठरते

मुळासकट उपटलेलं झाड सर्वांत फसवं. मुळांचा गड्डा हवेत उभा, खोड गच्चीवर किंवा भिंतीवर टेकलेलं. खोडाचं वजन गड्ड्याला वर धरून असतं. बुंध्याजवळ कापलं की वजन सुटतं आणि काही टनांचा गड्डा खड्ड्यात धाडकन परत बसतो. त्या वेळी खड्ड्यात किंवा गड्ड्यामागे कोणीही नको. मुलं तिथे खेळायला जातात, म्हणून पहिल्याच रात्री दोरी लावून ती जागा बंद करावी. जाणकार माणूस बुंध्याला मीटर-दीड मीटर खोड ठेवतो, गड्डा दोराने किंवा चेन पुलीने बांधतो आणि मगच कापतो. हा गड्डा पाण्याच्या पाइपलाइनलाही गुंडाळलेला असू शकतो, तेव्हा वॉल्व्ह कुठे आहे ते आधी माहीत हवं.

दोन टोकांवर टेकलेलं खोड, म्हणजे एक टोक जमिनीवर आणि दुसरं भिंतीवर, मधोमध वाकलेलं असतं. त्याच्या वरच्या बाजूला दाब, खालच्या बाजूला ताण. वरून सलग कापत गेलं तर फट मिटते आणि पट्टी अडकते. योग्य पद्धत अशी: दाबाच्या बाजूने एक तृतीयांश कापायचं, पाचर ठोकायची आणि उरलेलं ताणाच्या बाजूने. एकाच टोकाला आधार असलेल्या खोडाचं उलट: ताण वर, दाब खाली. धनुष्यासारखी वाकलेली, टोक दाबलं गेलेली बारीक फांदी तर एका कापात चाबकासारखी सुटते. टोळीच्या मुख्य माणसाला ‘ताण कुठल्या बाजूला आहे?’ एवढं विचारावं. गांगरला तर नकार द्यावा.

अर्धवट तुटून लोंबणारं डगाल वरवर किरकोळ दिसतं आणि सर्वाधिक लोकांना गाफील पकडतं. पोर्चवर, पार्किंगवर, येण्याजाण्याच्या वाटेवर ते लोंबत असेल तर ती वाट बंद ठेवावी. ते उतरवताना तीन काप घ्यायचे. पहिला खालून, खोडापासून साधारण ३० सेंटीमीटरवर, एक चतुर्थांश ते एक तृतीयांश खोल. दुसरा वरून, त्याहून थोडा बाहेर. फांदी इथे सुटते. तिसरा खोडाजवळच्या फुगवट्याला धक्का न लावता, त्याच्या लगत. पहिला काप वगळला की फांदी पडताना सालीची पट्टी खोडावरून खालपर्यंत सोलून नेते आणि ती जखम भरत नाही. खुंटी लांब ठेवली तर ती कुजते. खोडाशी सपाट छाटलं तर झाडाची जखम बंद करण्याची जागाच कापली जाते. कापलेल्या जागेवर डांबर, ऑइल पेंट लावणं किंवा ढोलीत सिमेंट भरणं यांचा उपयोग नाही. ओल आत अडकते आणि कुज वाढते. असं जादा कामाच्या नावाखाली सुचवणाऱ्याला ते वगळायला सांगावं.

उभं पण कललेलं झाड: पाडावं की वाचवावं

वादळानंतरच्या आठवड्यात ठेकेदार दारोदार फिरतात आणि प्रत्येक उंच झाड ‘आता पडणारच’ असं सांगतात. घाबरून होकार देण्याआधी काही गोष्टी स्वतः बघता येतात. कल जुना आहे की नवा? जुन्या कललेल्या झाडाचा शेंडा पुढे सरळ वर वळलेला असतो. नव्याने कललेल्याचा सगळा देह एकाच रेषेत तिरपा असतो. कलाच्या विरुद्ध बाजूला जमीन उचलली गेली आहे का, अर्धवर्तुळाकार भेग आहे का? असेल तर मुळं सुटत आहेत, आणि तेव्हा घाई खरी. बुंध्याशी तपकिरी, लाखेसारख्या चकाकीची कडक छत्री उगवली असेल तर ती गॅनोडर्मा बुरशी असण्याची शक्यता मोठी, म्हणजे मुळं आतून कुजलेली. गुलमोहराला हा रोग विशेष होतो. दोन सारख्या जाडीच्या खोडांच्या बेचक्यात साल आत दबलेली असेल आणि उभी चीर दिसत असेल तर तो सांधा वाऱ्यात फाटतो.

पोकळ झाड मात्र आपोआप धोकादायक ठरत नाही. लाकडी हातोड्याने खोडावर ठोकून पोकळीचा अंदाज घेता येतो. ढोबळ निकष असा की शाबूत लाकडाची जाडी त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असेल तर नळीसारखं खोड बऱ्यापैकी भार पेलतं. म्हणजे ६० सेंटीमीटर व्यासाच्या खोडाला चहूबाजूंनी दहाएक सेंटीमीटर निरोगी लाकूड हवं. मोठी ढोली एका बाजूला उघडी असेल तर हा निकष पुरत नाही आणि तज्ज्ञाची पाहणी हवी. पिंपळ, वड आणि कडुनिंब पोकळ असूनही दीर्घकाळ उभे राहतात. ४५ अंशांच्या शहरात अशी सावली पुन्हा उभी करायला दोन पिढ्या जातात. केवळ भीतीपोटी ती कापणाऱ्या सेवेला आम्ही चांगली सेवा म्हणणार नाही.

नागपुरात मुळं सुटण्यामागे मातीचा मोठा हात आहे. काळी माती उन्हाळ्यात आकसते, तिला खोल भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. पहिल्या मोठ्या पावसात तीच माती फुगून मऊ होते, आणि नेमक्या त्या दिवसांत वादळी वारे येतात. त्यात रस्ता किंवा नाली करताना एका बाजूची मुळं छाटलेली आणि बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेले असतील, तर झाड त्या बाजूला धरूनच राहत नाही. गुलमोहर आणि पेल्टोफोरम (पिवळा गुलमोहर) यांचं लाकूड तुलनेने ठिसूळ आणि मुळं उथळ, म्हणून पडलेल्यांत तेच जास्त दिसतात. पावसाचा जोर ओसरल्यावरही सावध राहावं. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. अशा पाण्याने मुळांखालची माती वाहून जाते, आणि झाड नंतर वारा नसतानाही कलतं.

लहान झाड, म्हणजे खोड दहा-बारा सेंटीमीटरपर्यंतचं, उपटून आडवं झालं असेल तर बहुधा वाचतं. मुळं ओल्या पोत्याने झाकायची, एक-दोन दिवसांत सरळ करायचं, शेंडा थोडा हलका करायचा, तीन बाजूंनी रुंद पट्ट्याने सैलसर ताण द्यायचा आणि पुढचं एक वर्ष पाणी तोडायचं नाही. खासगी टोळ्या हे काम सहसा सुचवत नाहीत. मागितलं तर करतात.

दर ठरवताना काय लिहून घ्यावं

‘झाड काढून देतो’ हा दर नव्हे. लिहून घ्यायचे घटक वेगळे: घरावरचा भार उतरवणं, खोड जमिनीपर्यंत कापणं, खुंट किती उंचीचा ठेवणार किंवा मुळासकट काढणार, फाटा आणि लाकूड किती फेऱ्यांत कुठे नेणार, हायड्रा कोणाच्या खर्चाने आणि किती तासांची. हायड्राचं भाडं तासावर असतं आणि बहुतेक वेळा किमान तास ठरलेले असतात, म्हणून ती येण्याआधी तारांचं काम झालेलं हवं. नाहीतर लाइनमनची वाट बघत मीटर चालू राहतं. लाकूड कोणाचं, हेही लिहावं. ते ठेकेदाराला द्यायचं असेल तर दरातून वजावट मागावी. आगाऊ एक तृतीयांशापेक्षा जास्त देऊ नये.

कामगारांच्या विम्याचा कागद मागावा. कायद्यानुसार अपघाताची जबाबदारी मुळात ठेकेदाराची, पण कागद नसेल तर वाद तुमच्या दारात येतो. कठडा, टाकी, सोलर पॅनेल, शेजाऱ्याची भिंत यांचं नुकसान झालं तर कोण भरणार, हे कामाआधी एका ओळीत लिहिलं तरी पुरतं. हे लिहायला जो तयार होतो त्याला थोडे जास्त पैसे द्यावेत.

विम्यासाठी घाई करू नये आणि उशीरही नको. घरावर ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी असेल तर वादळ आणि झाड पडून झालेला आघात त्यात येतो. ढिगारा हटवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. ही मर्यादा छोटी आहे, झाड काढण्याचा पूर्ण खर्च त्यातून निघेल असं धरू नये. गाडीवर झाड पडलं असेल तर फक्त थर्ड पार्टी पॉलिसीत काही मिळत नाही, सर्वसमावेशक लागते. दोन्हींत कापणी सुरू होण्याआधी कंपनीला कळवावं आणि छायाचित्रं काढावीत. ठेकेदाराच्या पावतीवर तारीख, पत्ता, झाडाची जात आणि केलेलं काम हवं. कच्च्या चिठ्ठीवर दावा अडकतो.

काम संपल्यावर

टोळी निघायच्या आधी गच्चीवर जावं. वरच्या फांद्यांत अडकलेले सुटे तुकडे राहिलेत का, पावसाच्या पाइपांत भुसा गेला आहे का, कठड्याला नवी चीर आहे का, हे बघूनच उरलेले पैसे द्यावेत. गड्डा काढल्यावरचा खड्डा एकदम भरून वर फरशी बसवू नये. मुरूम आणि मातीचे थर देत, पाणी मारत, ठोकत भरावा, आणि एक पावसाळा बसू द्यावा. भिंतीच्या पायाशेजारचा खड्डा उघडा ठेवला तर पाणी थेट पायात जातं, तो आधी.

जूनमध्ये घरट्यांत पिल्लं असतात. ती जिवंत सापडली, किंवा जखमी पक्षी मिळाला, तर सेमिनरी हिल्सवरच्या वनविभागाच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरशी संपर्क साधावा. तोवर पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि ऊबेत ठेवावं, चोचीत पाणी ओतू नये.

शेजारी उभं राहिलेलं झाड इतकी वर्षं पडलेल्याच्या आडोशाला होतं. आता वारा त्याला थेट लागतो. त्याची पाहणी दिवाळीनंतर, माती घट्ट झाल्यावर करून घ्यावी, आणि छाटणी लागलीच तर परवानगी घेऊन हलकी, टोकांकडून. शेंडा सपाट उडवणारी छाटणी नको; तिथून फुटणारे धुमारे सालीलाच चिकटलेले असतात आणि पुढच्या मोठ्या वादळात तेच आधी तुटतात. बुंध्याभोवती किमान एक मीटर पेव्हर ब्लॉक काढून माती मोकळी करावी. हे काम साधा गवंडी अर्ध्या दिवसात करतो, फक्त सब्बल मुळांवर मारू नको एवढं त्याला आधी सांगावं लागतं.